बारावीत मिळवलेले क्रेडिट प्रवेशाच्या खिडकीत का अडते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पदवीच्या प्रथम वर्षाच्या प्रवेशाचे दिवस आले की वर्तमानपत्रांत कटऑफ, गुणवत्ता याद्या आणि रिकाम्या राहिलेल्या जागा यांची चर्चा सुरू होते आणि ती रास्तच असते. परंतु त्या गर्दीत एक लहानसा प्रश्न दरवर्षी मागे पडतो, तो आपल्या वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. अकरावी-बारावीत असतानाच एखाद्या विद्यार्थ्याने पदवीच्या तोडीचा अभ्यासक्रम पुरा केला, त्याची रीतसर परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला, तर पुढे त्याला प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयाने त्या अभ्यासाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा तो प्रश्न. अमेरिकेत शाळेत असताना कॉलेजचे विषय घेण्याच्या या पद्धतीला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. आपल्याकडे तिला अजून रुळलेले नाव नाही, आणि नाव नाही म्हणून प्रवेश अर्जात रकानाही नाही.

मी सांगलीत एका कनिष्ठ महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो. अजूनही काही मुले शंका घेऊन घरी येतात. त्यांतली एक मुलगी तासगाव तालुक्यातून एसटीच्या पासवर ये-जा करत असे. अकरावीची परीक्षा संपल्यावर तिने एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन वर्गांचा, प्रोग्रॅमिंगचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम मनापासून केला. भावाच्या मोबाईलवरून इंटरनेट घेऊन दर आठवड्याची असाइनमेंट भरायची, आणि शेवटच्या परीक्षेला पहाटेच्या गाडीने कोल्हापूर गाठायचे, असा तो प्रकार होता. ही परीक्षा लुटुपुटूची नसते. असाइनमेंटना २५ आणि केंद्रावर बसून द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात, आणि दोन्हींत वेगवेगळे किमान गुण मिळाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. तिला ते मिळाले. बारावीनंतर संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेताना तिने ते प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमधून काढून खिडकीत दिले. आतल्या गृहस्थांनी ते उलटसुलट पाहिले, मग आदराने म्हणाले, ‘‘बाळ, चांगलं आहे, पण हे कशात धरायचं?’’ आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या मागे ते टाचून टाकले. पहिल्या सत्रात ती मुलगी पुन्हा ‘व्हेरिएबल म्हणजे काय’ येथपासून बसली.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न अचूक होता. त्याचे उत्तर त्यांच्या टेबलावर लिहून ठेवलेले नव्हते, एवढेच.

हा प्रश्न मला इतका का बोचतो, हे सांगायला आमच्या प्रयोगशाळेत यावे लागेल. आपल्या भागातल्या पुष्कळ महाविद्यालयांप्रमाणे आमच्याकडेही कनिष्ठ आणि वरिष्ठ विभाग एकाच इमारतीत होते. सकाळी बारावीची द्विलक्ष्यी अभ्यासक्रमाची मुले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्ससारखा व्यवसायाभिमुख विषय घेणारी, बोलीत बायफोकलची मुले, ब्रेडबोर्डवर ७४०० ही आयसी, म्हणजे चार नॅण्ड गेट असलेली चिप, बसवत. चौदा पायांपैकी सातवा ग्राउंडला आणि चौदावा पाच व्होल्टला जोडून नॅण्ड गेटचा ट्रुथ टेबल तपासत आणि मग चार नॅण्डमधून एक्स-ऑर उभा करत. दुपारी त्याच टेबलावर, त्याच खोक्यातल्या त्याच आयसी घेऊन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुले तोच प्रयोग लावत. आमचे प्रयोगशाळा सहायक संध्याकाळी आयसी मोजून खोक्यात भरताना म्हणायचे, ‘‘सर, आयसीला काय माहीत कुणी ज्युनिअर न् कुणी सीनिअर!’’ दोन्हींत फरक होता तो जर्नलच्या पुठ्ठ्याच्या रंगाचा, आणि जर्नलच्या पहिल्या पानावरच्या शिक्क्याचा. सकाळचा शिक्का मंडळाचा, दुपारचा विद्यापीठाचा. बायफोकलच्या एका विषयाला बारावीत तब्बल २०० गुण असतात, दोन वर्षे त्याची प्रात्यक्षिके होतात. परंतु तोच विद्यार्थी उन्हाळ्याची सुटी संपवून जिना चढून वरच्या वर्गात गेला की तो ते कधी शिकलाच नव्हता असे समजले जाते.

ही भिंत अनादि काळापासूनची नाही. माझ्या पिढीने जुन्या अकरावीची मॅट्रिक केली आणि थेट प्री-डिग्रीला, म्हणजे पदवीपूर्व वर्गाला, १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या छायेत प्रवेश घेतला. कोठारी आयोगाने सुचवलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्रात १९७५ पासून आला आणि पदवीच्या आधीचे ते वर्ष विद्यापीठाकडून मंडळाकडे गेले. ते योग्य झाले की अयोग्य, हा वाद आता उकरण्यात अर्थ नाही. मात्र सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला विद्यापीठाचा अभ्यास झेपतो की नाही, असा प्रश्न आज कोणी विचारला तर मला गंमत वाटते, कारण आम्हा सर्वांना तो झेपला होता, किंवा निदान झेपल्याचे प्रमाणपत्र तरी विद्यापीठाने दिले होते.

अमेरिकेतल्या व्यवस्थेची मला थोडी आतून ओळख झाली ती माझ्या चुलतभावाच्या नातीमुळे. ती टेक्सासमध्ये शिकली. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत तिने जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे इंग्रजी लेखन, अमेरिकेचा इतिहास आणि कॅल्क्युलस असे विषय घेतले होते. या वाटेला तिकडे मोठा इतिहास आहे. कनेक्टिकट विद्यापीठाने १९५५ मध्ये शाळकरी मुलांसाठी आपले विषय खुले केले, १९८५ मध्ये मिनेसोटा राज्याने त्यासाठी कायदा केला, आणि २०२२-२३ या वर्षात असे विषय घेणाऱ्या शाळकरी मुलांची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. एवढ्या मोठ्या संख्येमुळे तिकडच्या महाविद्यालयांना याबाबत धोरण ठरवणे भागच पडले, आणि ते धोरण सरसकट ‘हो’ किंवा सरसकट ‘नाही’ असे नाही, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट आहे.

तिकडचे महाविद्यालय एकाच प्रमाणपत्राकडे तीन वेगवेगळ्या प्रसंगी पाहते, आणि आपल्याकडचे पालक नेमके येथेच गोंधळतात. प्रवेश देताना ते पाहते की या मुलाच्या शाळेत जे अवघड विषय उपलब्ध होते, त्यांपैकी त्याने किती अंगावर घेतले. तेथे असा विषय जवळपास सगळीकडे जमेची बाजू ठरतो. प्रवेश झाल्यावर क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे श्रेयांक, द्यायचे की नाही, हा स्वतंत्र निर्णय असतो. आणि क्रेडिट दिले तरी ते पदवीच्या आवश्यक विषयात धरायचे की नुसते ऐच्छिक म्हणून बाजूला जमा करायचे, हा त्याहून स्वतंत्र. आमच्या नातीने राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात प्रवेश घेतला तेव्हा तिचे इंग्रजी आणि इतिहास विनातक्रार धरले गेले, कारण टेक्सासमध्ये सार्वजनिक महाविद्यालयांचा ४२ क्रेडिटचा मूलभूत विषयांचा गाभा ठरलेला आहे आणि त्यातले विषय एकाने शिकवले तर दुसऱ्याने मानायचे असतात. कॅल्क्युलस मात्र अडले. तिने घेतलेले कॅल्क्युलस वाणिज्य शाखेच्या मुलांसाठीचे होते आणि तिला अभियांत्रिकी करायची होती. त्यामुळे ते ऐच्छिक म्हणून जमा झाले आणि गणित तिला पुन्हा करावे लागले. म्हणजे ‘हे कशात धरायचं’ हा प्रश्न तिकडेही विचारला गेलाच. पण त्याचे उत्तर विद्यापीठाच्या तक्त्यात आधीपासून छापलेले होते, आणि विषय निवडण्यापूर्वी तिने तो तक्ता उघडून पाहिला असता तर ही चूक टळली असती, असे ती स्वतःच सांगते.

खाजगी आणि अतिशय निवडक प्रवेश देणारी अनेक विद्यापीठे याहून कडक असतात. विषय शाळेच्याच वर्गात, शाळेच्याच शिक्षकाने शिकवला असेल, किंवा तोच विषय शाळा पूर्ण करण्यासाठीही मोजला गेला असेल, तर त्यांपैकी पुष्कळ विद्यापीठे क्रेडिट नाकारतात. ज्या ठिकाणी शाळेतला शिक्षक कॉलेजचा विषय शिकवतो, तेथे त्याच्याकडे त्या विषयातली पदव्युत्तर पात्रता असावी, अशी मान्यता देणाऱ्या संस्थांची अपेक्षा असते. थोडक्यात, कोठे शिकवले, कोणी शिकवले, कोणी तपासले आणि आपल्या अभ्यासक्रमाशी ते कितपत जुळते, हे पाहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. मला ही कडक भूमिका चुकीची वाटत नाही. शिक्षक म्हणून मीही तेच विचारले असते.

आणखी एक गोष्ट तिकडच्या पालकांना उशिरा कळते, ती येथे आधीच नोंदवलेली बरी. अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट म्हणून जी दुसरी पद्धत तेथे आहे, तीत वर्षाअखेरीस बाहेरची एकच परीक्षा असते, १ ते ५ गुणांकन मिळते, आणि ते वाईट आले तर विद्यार्थी ते सहसा पाठवतच नाही. ड्युअल एनरोलमेंटमध्ये तशी पळवाट नाही. सोळाव्या वर्षी कॉलेजच्या विषयात मिळालेली कमी श्रेणी ही त्या मुलाच्या महाविद्यालयीन गुणपत्रकाची कायमची पहिली ओळ होते. पुढे वैद्यकीय शाखेसाठी अर्ज करताना शाळेत असताना घेतलेले कॉलेजचे विषयदेखील दाखवावे लागतात. म्हणून हा मार्ग झेपेल त्या मुलाने, झेपेल त्या विषयापुरताच धरावा. शेजारच्याने केले म्हणून आपल्यानेही करावे, ही आपल्याकडची सवय येथे महागात पडेल.

आता आपल्याकडचे नियम पाहू. कागदावर पाया बराचसा घातलेला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्याची क्रेडिट जमा ठेवणाऱ्या अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम केले, आणि त्याच वर्षी ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरील (एनपीटीईएलचे अभ्यासक्रमही त्यावरच असतात) अभ्यासक्रमांतून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय घेण्याची मुभा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळाली. २०२३ मधील राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने तर शाळेलाही क्रेडिटच्या मापात आणले असून वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट असा हिशेब घातला आहे. त्या आराखड्यात बारावी ही चौथ्या पातळीवर आहे आणि पदवीचे पहिले वर्ष साडेचारव्या. आमची सारी भिंत या अर्ध्या पातळीची आहे!

तरीही त्या मुलीचे प्रमाणपत्र दाखल्याच्या मागे टाचले गेले, याचे कारण या नियमांच्या सांध्यात आहे. क्रेडिटची ही बँक विद्यार्थ्याने स्वतः आणून दिलेला कागद घेत नाही. नोंदणीकृत संस्थेने पाठवलेलीच जमा ती मानते. ‘स्वयम्’ची ४० टक्क्यांची सवलत पदवीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आहे, आणि तीही त्याच्या महाविद्यालयाने तो अभ्यासक्रम आधी मंजूर केला असेल तर. मग ज्याने हाच अभ्यासक्रम, याच परीक्षकांपुढे, आठ महिने आधी उत्तीर्ण केला, त्याच्यासाठी पैसे तयार आहेत पण खाते उघडणारा कोणी नाही, अशी अवस्था होते.

‘आधीचे शिक्षण मोजण्याची आपल्याकडे पद्धतच नाही,’ असे उत्तर मला एका चर्चेत मिळाले. ते खरे नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात गेलेला मुलगा तीन वर्षांची पदविका करतो आणि अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसतो. आपल्या सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातही हा प्रवेश वर्षानुवर्षे चालत आला आहे. बारावी विज्ञान किंवा आयटीआय झालेल्याला तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट खुली असते. म्हणजे सोळाव्या-सतराव्या वर्षी पॉलिटेक्निकच्या बाकावर शिकलेले गणित पुढचे महाविद्यालय बिनबोभाट मानते. तेवढ्याच वयात कनिष्ठ महाविद्यालयाच्या बाकावर बसून, वर आयआयटीच्या प्राध्यापकांची परीक्षा देऊन शिकलेले प्रोग्रॅमिंग मात्र मानत नाही. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या बी.एस. पदवीसाठी अकरावीची परीक्षा दिलेला विद्यार्थी पात्रता प्रक्रियेला बसू शकतो आणि बारावी झाली की त्या पात्रतेवर प्रवेश घेऊ शकतो. तेथे हे जमते, कारण तेथे कोणीतरी बसून नियम लिहिला.

यातला धोका मला दिसत नाही असे नाही. आपल्याकडे टाय-अप नावाचा एक उद्योग आहे, तो सांगली-साताऱ्यातल्या प्रत्येक बारावीच्या पालकाला ठाऊक आहे: नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, आणि प्रात्यक्षिकांची जर्नल जानेवारीत एका बैठकीत पूर्ण. कॉलेजची क्रेडिट बारावीत मिळतात असे कळले, तर त्याचेही पॅकेज करून विकणारे उद्या उभे राहतील, फलक लागतील, ‘बारावीसोबत २० क्रेडिट हमखास’ अशा जाहिराती येतील. जी मुले आज बारावीच्या भौतिकशास्त्रानेच दमलेली आहेत, त्यांच्या दप्तरात आणखी एक ओझे पडेल. म्हणूनच क्रेडिट कोणी वाटायचे यापेक्षा ते कोणी तपासायचे, यावर भर असला पाहिजे. ज्या संस्थेने शिकवले आणि फी घेतली, तिनेच उत्तीर्णही करायचे, असे असू नये.

यासाठी शासनाच्या नव्या आदेशाची वाट पाहत बसावे लागेल, असे मला वाटत नाही. आपल्या सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत स्वायत्त महाविद्यालये आहेत, साताऱ्यात तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाचे समूह विद्यापीठ आहे, आणि या सर्वांकडे स्वतःची अभ्यास मंडळे आहेत. अभ्यास मंडळाने एका बैठकीत एवढे ठरवावे की प्रथम वर्षाचे कोणते विषय बारावीत केलेल्या कोणत्या अभ्यासक्रमांशी जुळतात, त्यासाठी किमान किती गुण हवेत, आणि शंका असेल तर महाविद्यालय स्वतःची चाचणी घेईल का. आणि हा तक्ता प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापावा. क्रेडिट देणे पहिल्या वर्षी जमत नसेल तर निदान विषयातून सूट द्यावी आणि त्या तासांना त्या मुलाला पुढचा विषय घेऊ द्यावा. सूट दिल्याने कोणाची कार्यभाराची गणिते बिघडतील, ही भीती स्टाफरूममध्ये बोलली जाते ती मी ऐकलेली आहे. बायफोकलची दहा-पंधरा मुले आणि ऑनलाइन परीक्षा दिलेली दोन-चार मुले यांनी कोणाचीही तुकडी बंद पडणार नाही.

अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतात, त्यात अशा प्रमाणपत्राला वजन द्यावे असे माझे म्हणणे नाही. तसे केले तर शहरातल्या, पैसेवाल्या घरातल्या मुलांनाच आणखी एक पायरी मिळेल. माझी मागणी प्रवेश झाल्यानंतरची आहे. कमवा आणि शिका योजनेत काम करून शिकणाऱ्या मुलांची परंपरा ज्या साताऱ्याने महाराष्ट्राला दिली, तेथे एका मुलाचे आठवड्याचे चार तास वाचणे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको.

चाचणी घ्यायला माणूस नाही, अशी अडचण कोणत्याही महाविद्यालयाने सांगितली, तर इलेक्ट्रॉनिक्सपुरती ती मी दूर करतो. बायफोकल करून आलेल्या मुलांची पहिल्या सत्राची प्रात्यक्षिक चाचणी कोणत्याही शनिवारी विनामूल्य घ्यायला मी तयार आहे. ब्रेडबोर्ड माझा, ७४०० च्या आयसी माझ्या. महाविद्यालयाने फक्त पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय आणि एक सही द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक,
विश्रामबाग, सांगली